पीटीएसडी निघालं म्हणजे लाँग कोविड खोटा ठरला का?

चिंचगुळी | ८ जून, २२:१४

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या. एका बैठकीत लिहिलेलं नाही, चार दिवस थोडं थोडं लिहीत होते. का ते पुढे कळेलच.

एप्रिल २०२१. आमच्या नाशकात तेव्हा काय चाललं होतं ते वेगळं सांगायला नको. ओळखीतून तिसऱ्या दिवशी बेड मिळाला. छातीच्या स्कॅनचा, म्हणजे एचआरसीटीचा, स्कोअर २५ पैकी १७. तेरा दिवस आत होते, त्यातले चार आयसीयूत, तोंडावर बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा मास्क. २१ तारखेला शहरातल्याच एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून माणसं गेली. ती बातमी मी आमच्या वॉर्डबॉयच्या मोबाइलवर ऐकली, बेडवर पडल्या पडल्या. त्या रात्री मी शेजारच्या काकूंच्या ऑक्सिजनच्या बाटलीतले बुडबुडे बघत बसले. बुडबुडे येतायत म्हणजे ऑक्सिजन आहे, एवढाच हिशोब. दोन दिवसांनी पहाटे काकूंची बाटली शांत होती आणि बेडभोवती पडदा ओढलेला.

आता तीन वर्षं झाली. दोन प्रकारचे त्रास आहेत. एक म्हणजे कोविड गेल्यावरही मागे राहिलेला थकवा, ज्याला लाँग कोविड म्हणतात; पण तो दमल्यावर येतो तसला नव्हे. एक दिवस जिना दोनदा चढले किंवा तासभर पेपर तपासले की त्या दिवशी ठीक असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आडवी होते. घसा धरतो, अंग ठणकतं, शब्द आठवत नाहीत. मी मराठी शिकवते हो, आणि परवा मला ‘विळी’ हा शब्द आठवेना. दुसरा त्रास मायक्रोवेव्हच्या बीपचा. बीप झालं की हात गार पडतात, घाम फुटतो. सॅनिटायझरचा वास आला की तीच गत. त्या रुग्णालयाच्या रस्त्याने रिक्षा गेली तर मी डोळे मिटून घेते.

गेल्या महिन्यात हिंमत करून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पीटीएसडी आहे म्हणाले, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात राहून गेलेला त्रास. घरी आल्यावर सासूबाईंचं पहिलं वाक्य: “बघ, म्हणजे मनाचंच होतं ना सगळं!” नवरा काही बोलला नाही, पण चेहऱ्यावर सुटल्यासारखं वाटलं.

प्रश्न असा, की हे निदान मी स्वीकारलं तर पहिला त्रास खोटा ठरतो का? शाळा सुरू होतेय. रजेच्या अर्जावर काय लिहू?

पिंपळपान | ८ जून, २२:३१

वाचतेय. लवकर बरं वाटो, ताई.

खडूस_काका | ८ जून, २३:०२

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. कोविड मलाही झाला, वय ६८, साखर आहे. घरीच बरा झालो. पहाटे पाच वाजता उठून फिरायला जातो, अनुलोम-विलोम करतो. माणूस जितका पडून राहील तितका पडून राहतो. पूर्वी प्लेगात गावंच्या गावं रानात राहायला जायची, परत आल्यावर कुणाला पीटीएसडी झालेलं ऐकलं नाही. आजारांची नावं वाढली तसे आजार वाढले.

उनाड_वारा | ८ जून, २३:१०

काका, प्लेगात गेलेल्यांना विचारायला तुम्ही गेला होतात का?

खडूस_काका | ८ जून, २३:१२

नाही, पण तुमच्यापेक्षा जवळचा आहे.

रानजाई | ९ जून, ०७:४८

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. काकांचा सल्ला न्यूमोनियातून उठलेल्या शंभरातल्या नव्वद जणांना लागू पडेल. चिंचगुळी ज्या दहांमधल्या वाटतायत त्यांना तो घातक आहे. (नव्वद-दहा बोलण्यातले हं, आकडेवारी मागू नका.)

श्रमाचा फटका त्याच वेळी न बसता १२ ते ४८ तासांनी बसणं आणि त्यात नुसता थकवा नसून घसा, डोकं, झोप सगळंच बिघडणं, याला पीईएम म्हणतात. एमई/सीएफएस या चिवट थकव्याच्या जुन्या आजाराची ही ओळखीची खूण. लाँग कोविडच्या बऱ्याच रुग्णांतही ती दिसते. अशा माणसाला ‘रोज पाच मिनिटं वाढवा’ असं सांगितलं की महिन्याभरात काही जण अंथरुणाला खिळतात. मी स्वतः २०२१ मध्ये दोन जणांना असं चालायला लावलंय. एक बाई अजूनही माझा फोन उचलत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

आणखी एक. उभं राहिल्यावर छाती धडधडते का? दहा मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं राहून मोजत राहा, जवळ कुणीतरी असू दे. मोठ्या माणसात नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहत असेल तर पॉट्सचा (उभं राहिलं की नाडी फार वाढते तो विकार) संशय घेऊन हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. पॉट्सच्या धडधडीला पॅनिक अटॅक समजून वर्षानुवर्षं झोपेच्या गोळ्या खाणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

शब्दकिडा | ९ जून, ०९:२०

अवांतर: ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’चं एका पुस्तिकेत ‘आघातोत्तर तणाव विकृती’ असं भाषांतर वाचलं. डिसऑर्डरला विकृती म्हणणाऱ्याला आधी तपासलं पाहिजे. ‘विकार’ म्हणा. विकृत म्हटल्यावर कोण दवाखान्यात जाईल?

गवती_चहा | ९ जून, ०९:४१

‘आघातोत्तर’ म्हणजे आघाताने दिलेलं उत्तर असं वाटतं मला. तसं बघितलं तर चुकीचंही नाही.

शब्दकिडा | ९ जून, ०९:४४

संधी सोडवा. आघात अधिक उत्तर. उत्तर म्हणजे नंतरचं. पण तुमचा अर्थ जास्त चांगला आहे.

नाडीपरीक्षा | ९ जून, १४:०५

मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. धागाकर्तीच्या प्रश्नाला आधी सरळ उत्तर: नाही, खोटा ठरत नाही. तुमच्या डॉक्टरांनीही तसं म्हटलेलं दिसत नाही, ते घरच्यांनी ऐकलं.

पाय मोडलेल्या माणसाला अपघाताची भीती बसली तर आपण ‘म्हणजे पाय मोडलाच नव्हता’ म्हणतो का? इथे अडचण अशी की मोडलेला पाय एक्स-रेत दिसतो, तुमचा थकवा कुठल्याच रिपोर्टात दिसत नाही. मग ज्याचं नाव ठेवता येतं त्या खात्यात सगळं ढकललं जातं.

हाँगकाँगमध्ये २००३ च्या सार्सनंतर वाचलेल्या लोकांचा पाठपुरावा झाला. एका अभ्यासात ९० जणांपैकी ३० महिन्यांनंतरही चौथा हिस्सा पीटीएसडीच्या निकषांत बसत होता. तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात ४० टक्के लोकांना चिवट थकवा होता. रोममध्ये कोविडच्या ३८१ रुग्णांत सुमारे ३० टक्क्यांना पीटीएसडी आढळलं, २०२१ ची गोष्ट. म्हणजे दोन्ही एकाच विषाणूच्या मागे मागे येतात.

आता अमेरिकन निकषांतली एक गंमत. त्यांच्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेप्रमाणे नुसता जीवघेणा आजार ‘आघात’ मानला जात नाही. एकाएकी ओढवलेलं, भयंकर काहीतरी लागतं. श्वास कोंडणं आणि शेजारचा माणूस डोळ्यांदेखत जाणं, याहून जास्त काय लागणार? पण दीर्घ आजाराचा रोजचा जाच त्यात बसत नाही. म्हणून काही रुग्ण माझ्याकडे खरे खचलेले येतात, पण पीटीएसडीत बसत नाहीत. त्यांचं दुःख त्यामुळे कमी असतं असं नव्हे.

एक विचारतो: आयसीयूत असताना विचित्र काही दिसलं होतं का?

चिंचगुळी | ९ जून, १९:३६

हो. आजवर कुणाला सांगितलं नाही. पीपीई किटमधल्या सिस्टर रात्री आमचा लिलाव करतायत असं मला पक्कं वाटायचं. छतावर मुंग्यांची रांग होती आणि त्या मुंग्या बोली लावत होत्या. आता लिहिताना हसू येतंय. पण स्वप्नात अजून येतात.

नाडीपरीक्षा | ९ जून, २०:१८

धन्यवाद, लिहिलंत ते. याला डेलिरियम म्हणतात. कमी ऑक्सिजन, ताप, स्टिरॉइड, न मिळालेली झोप यांतून होतो. पुढे पीटीएसडीत खऱ्या घटनांपेक्षा असल्या आठवणीच जास्त छळतात, कारण त्यांना मागचंपुढचं काही नसतं. युरोपात काही आयसीयूंमध्ये म्हणूनच रुग्णाची रोजनिशी ठेवतात. नर्स आणि नातेवाईक रोज दोन ओळी लिहितात, आज काय झालं, कोण आलं. बरा झाल्यावर रुग्णाच्या हातात ती वही देतात. २०१० मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत, वही लगेच मिळालेल्यांत नव्याने पीटीएसडी ५ टक्क्यांना झालं, न मिळालेल्यांत १३ टक्क्यांना.

उनाड_वारा | ९ जून, २३:५०

काल काकांची थट्टा केली, आज सरळ लिहितो.

माझी बायको १७ दिवस आत होती. मी बाहेर, स्कूटरवर. रेमडेसिवीरसाठी आठ तास रांग, प्लाझ्मासाठी अनोळखी लोकांना फोन. रात्री साडेतीनला फोन वाजला, “रुग्णालयातून बोलतोय, नातेवाईक का?” आणि आवाज तुटला. परत लागेपर्यंत चार मिनिटं. डायपर आणायला सांगत होते. ती चार मिनिटं माझ्या अंगातून अजून गेलेली नाहीत. फोनची रिंगटोन मी तीनदा बदलली, आता फोन कायम सायलेंटवर असतो. बायको म्हणते तू फोन घेत नाहीस. आजारी मी नव्हतो, त्यामुळे मला काही होऊ शकतं हे कधी डोक्यातच आलं नाही.

डॉक्टरांच्या त्या वहीवरून आठवलं. आम्ही नकळत तेच केलं. त्या १७ दिवसांचं आमच्या घरच्या ग्रुपवरचं व्हॉट्सअ‍ॅप तिने आणि मी बसून वाचलं. “आज ८८ वर आली”, “आज दोन चमचे पेज घेतली”, “मावशीने नारळपाणी पाठवलंय पण आत घेत नाहीत.” तिला वाटत होतं तिला तिथे टाकून आम्ही गावाला गेलो. खरोखर वाटत होतं. चॅट वाचल्यावर ती म्हणाली, “तू खाली होतास होय!” तीन मजले खाली होतो, रोज.

पिंपळपान | १० जून, ००:०४

रडवलंत.

औशाचा_भाऊ | १० जून, १०:१५

आमच्याकडचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. मी तवा नऊ वर्षांचा. त्याच्यानंतर आमची आजी कितीतरी वर्षं घरात झोपली न्हाई, अंगणात बाज टाकायची. पावसाळ्यातबी. रस्त्यानं ट्रक गेला की बाजेवर उठून बसायची. कुणी तिला डॉक्टरकडं नेलं न्हाई, सगळे म्हणायचे म्हातारीनं धसका घेतलाय. तर काका, नाव नव्हतं म्हणून आजार नव्हता असं न्हाई. नाव होतं की. धसका.

शब्दकिडा | १० जून, १०:२२

शंभर विकृत्यांवर एक धसका भारी.

दूरदेशी | १० जून, १६:४० (इथले)

मी इंग्लंडात, लेस्टरला. २००९ मध्ये ग्लँड्युलर फीव्हर (एक विषाणूचा ताप) झाला आणि मी त्यातून पूर्ण उठलेच नाही. चार वर्षांनी एमईचं निदान झालं.

चिंचगुळी, तुमच्या सासूबाई एकट्या नाहीत. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात जवळजवळ ३०० कर्मचारी अशा आजाराने पडले, एवढे की रुग्णालय काही काळ बंद ठेवावं लागलं. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, त्या रुग्णांना न तपासता, जुने कागद चाळून लिहिलं की हा सामूहिक हिस्टेरिया होता. एक मोठं कारण काय दिलं, तर पडलेल्यांत बायका जास्त होत्या. त्याची सावली पुढे कित्येक वर्षं राहिली. २००७ च्या इथल्या सरकारी मार्गदर्शिकेत टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवणं हा उपचार होता. मी तो केला. त्याआधी मी अर्धवेळ नोकरी करत होते, त्यानंतर व्हीलचेअर आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये नव्या मार्गदर्शिकेने तो उपचार काढून टाकला. कुणी माफी मागितली नाही, पण निदान काढला.

मला आघात झाला तो विषाणूचा नव्हे. समोर बसलेल्या माणसाने माझ्याकडे न बघता “तुम्हाला बरं व्हायचंय का?” असं विचारण्याचा. आता दवाखान्याचं पत्र आलं की पाकीट फोडायला मला आठवडा लागतो. नाडीपरीक्षा म्हणतात तसं हे पीटीएसडीत बसत नसेल, नसू दे.

म्हणून थोडं वाकडं बोलते. निदान घ्या, पण कागद जपून. एकदा फाइलवर मानसिक आजार लिहिला गेला की पुढचा प्रत्येक डॉक्टर आधी तोच वाचतो.

नाडीपरीक्षा | १० जून, २१:३०

दूरदेशी, तुमची भीती निराधार नाही, पण इथे मी वेगळं म्हणेन. निदान लपवलं तर उपचार होत नाही आणि पीटीएसडीवर चांगले उपचार आहेत. आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्याची थेरपी) आहे, ईएमडीआर (डोळे हलवत आठवणी हाताळण्याची थेरपी) आहे. फाइलच्या भीतीने वर्षानुवर्षं मुंग्यांचा लिलाव सहन करायचा का? दोन्ही निदानं शेजारी शेजारी लिहून घ्यावीत, एकाखाली दुसरं नको.

खरी मेख उपचारात आहे. पीटीएसडीत आम्ही रुग्णाला सांगतो, टाळू नका, हळूहळू सामोरे जा. पीईएमच्या रुग्णाला सांगायचं असतं, जपून राहा, ताकदीबाहेर जाऊ नका. एकच माणूस दोन्ही ऐकतो आणि गोंधळतो. थेरपिस्टही गोंधळतो. पेशंट जिना चढत नाही, हे टाळणं की जपणं? मी दोन गोष्टी बघतो. भीती त्या क्षणी येते, थोड्या वेळात शिगेला पोचते आणि ओसरते. पीईएम उशिरा येतं आणि दिवस-दिवस राहतं. दुसरं, मी विचारतो, “उद्या सकाळी अंगात पूर्वीची ताकद आली तर काय काय कराल?” खचलेला माणूस म्हणतो, काय करायचंय आता. पीईएमवाला माणूस यादी सांगत सुटतो, थांबवावं लागतं.

चिंचगुळी | १० जून, २१:५२

माळा आवरेन, भद्रकालीत भाजी घ्यायला चालत जाईन, दहावीच्या पोरांना पूर्ण तास उभं राहून शिकवेन, कांदा-लसूण मसाला घरी करेन, सापुताऱ्याला

चिंचगुळी | १० जून, २१:५३

चुकून आधीच पाठवलं गेलं. कळलं मला.

नाडीपरीक्षा | १० जून, २२:०७

:) मलाही.

थेरपीही श्रमच असते हे लक्षात ठेवा. आघाताबद्दल पाऊण तास बोलणं म्हणजे काहींना गड चढण्यासारखं होतं. फोनवर, आडवं पडून, वीस-पंचवीस मिनिटांचं सत्र मागून घ्या, मुद्दे लिहून मागा. औषधांबद्दल इथे डोस सांगणार नाही, पण भयस्वप्नांवरचं प्राझोसिन रक्तदाब उतरवतं, म्हणून रानजाईंनी सांगितलेली नाडीची चाचणी आधी करून डॉक्टरांना सांगा. आणि मेडिकलमधून अल्प्राझोलाम आणून खाणं, जे आपल्याकडे सर्रास चालतं, ते पीटीएसडीचा उपचार नव्हे. पण आधीपासून रोज घेत असाल तर एकदम थांबवू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

उनाड_वारा, तुम्हीही दाखवा. रात्री-अपरात्री नुसतं बोलावंसं वाटलं तर १४४१६ वर टेलिमानस ही मदतवाहिनी आहे, सरकारी, मराठीत बोलतात.

पैसा_वसूल | ११ जून, ११:१०

विमा कंपनी मानसोपचाराचे पैसे देते का?

गवती_चहा | ११ जून, ११:३५

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्या असं आहे. पण ओपीडीचा खर्च तुमच्या पॉलिसीत मुळात धरला आहे का ते बघा, बहुतेकांत नसतो.

सोलकढी | ११ जून, १३:०३

वातावरण जड झालंय म्हणून सांगते. आमचे सासरे २०२० पासून ऑक्सिमीटर खिशात घेऊन फिरतात. परवा मुलगी बघायला पाहुणे आले, त्यांना कांदेपोह्यांच्या आधी एकेकाला लावला. मुलाचे ९६ आले तर म्हणतात, “बरा आहे, पण वरसंशोधन चालू ठेवा.”

उनाड_वारा | ११ जून, १३:१५

पत्रिकेपेक्षा बरं.

चिंचगुळी | ३ जुलै, १८:२०

तीन आठवड्यांनी येतेय, मधे दहा दिवस फोन हातात धरवत नव्हता. शाळेत एकदा जाऊन आले होते, त्याची किंमत.

नाडी पडल्यावर ७४, उभं राहिल्यावर सातव्या मिनिटाला ११२. हृदयरोगतज्ज्ञांनी मीठ-पाणी वाढवायला आणि पायात घट्ट मोजे घालायला सांगितलंय. मानसोपचाराची दोन सत्रं फोनवर झाली, पडून. डॉक्टरांना तुमचं ते टाळणं-जपणं विचारलं, तर म्हणाले, आपण आधी फक्त बीपवर काम करू, जिन्याला हात लावायचा नाही. रजेच्या अर्जावर दोन्ही लिहिलंय. मुख्याध्यापिकांनी वाचून विचारलं, “म्हणजे नक्की कोणता?” मी म्हटलं, दोन्ही.

व्हॉट्सअ‍ॅप वाचायला नवऱ्याला सांगितलं, तर त्याने फोन बदलताना चॅट गेलं म्हणाला. मग रात्री येऊन एक डायरी दिली. किराणा-दुधाच्या हिशोबाची. त्यात एप्रिलच्या पानांवर दुधाशेजारी माझा ऑक्सिजन लिहिलाय, रोज दोन वेळा. एका दिवशी दूध नाही, ऑक्सिजन नाही, नुसती तारीख. २३. त्याला विचारलं, तर म्हणाला, त्या दिवशी एक बेड रिकामा झाला एवढंच खाली कळलं होतं, कोणाचा ते संध्याकाळपर्यंत कुणी सांगितलं नाही.

सासूबाई अजून म्हणतात मनाचंच आहे. पण आता मायक्रोवेव्ह त्या स्वतः लावतात आणि शून्य व्हायच्या आधी पळत जाऊन दार उघडतात. कुणाला तो बीप बंद करता येतो का, माहीत आहे?

सोलकढी | ३ जुलै, १८:४१

आमच्यात स्टॉपचं बटण दाबून धरलं की बंद होतो. सगळ्या मॉडेलांत नसतं, पुस्तिकेत बघा.

खडूस_काका | ३ जुलै, १९:०५

पुस्तिका कुणाकडे सापडत नसते. ज्या जाळीतून आवाज येतो त्यावर जाड चिकटपट्टीचे दोन थर लावा, आवाज निम्मा होतो. हवा बाहेर पडायच्या भोकांवर लावू नका. मी आमच्या इन्व्हर्टरला लावलीय, २०२१ पासून.